ताई, पौष्टिक आहार कोण्या दुकानात भेटते?



मी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. जिल्ह्यातल्याच एका रुग्णालयात गरोदर बायांच्या तपासणीला बसत असे. एक दिवस एका वस्तीतली मुलगी आली. सहावा महिना, हिमोग्लोबिन आठ. मी लाल गोळ्या दिल्या आणि कार्डावर रोजच्या सवयीने लिहिले, 'पौष्टिक आहार घ्यावा.' पोरगी दहावी शिकलेली होती. तिने ते वाचले आणि विचारले, "ताई, हे कोण्या दुकानात भेटते?"

ती थट्टा करत नव्हती. मी मात्र चिडले. "डाळ खा, पालेभाजी खा, अंडी खा, दूध पी," असे घाईघाईने म्हणून पुढचे कार्ड ओढले. घरी आल्यावर लक्षात आले की तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. गोळी कुठे मिळते ते मी सांगू शकत होते. आहार कुठे मिळतो ते माझ्या पदविकेच्या पुस्तकात नव्हते. पुढे नोकरी सोडून वस्तीत काम करू लागले त्यामागे हा प्रश्न बराच होता. आज या पानावर त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आपल्या पिंपळगाव राजात दुकाने कमी नाहीत. आठवडी बाजारात मेथी, पालक, वांगी, गवार यांचे ढीग लागतात. किराण्यात तूर, मूग, मसूर आहे, अंडी आहेत. खामगावची मोठी बाजारपेठ जवळ आहे. आजूबाजूच्या शिवारात तूर, हरभरा, सोयाबीन पिकते, आणि त्या पिकात निंदायला, कापायला आपल्याच बाया जातात. अन्न गावात आहे. ते आपल्या ताटापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न आहे.

विहारात मुलांची वजने घेताना मी आयांना एकच विचारते, काल रात्री ताटात काय होते? उत्तरे फारशी बदलत नाहीत. पोळी आणि बटाट्याचा रस्सा. भात आणि पाण्यासारखे वरण. कधी बेसन, कधी नुसता ठेचा. एका म्हातारीने तर मलाच ऐकवले, "काहून इचारता बाई? राशनात येते तेच ताटात येते."

भाजीला उधारी नसते

यात बायांचे अज्ञान आहे असे आम्ही शिकलेल्या लोकांनी फार दिवस मानले. म्हणून फलक लावले, भाषणे दिली, रंगीत तक्ते वाटले. पण शेतमजुरी करणाऱ्या बाईला डाळ चांगली असते हे सांगावे लागत नाही. तिची अडचण वेगळी आहे.

मजुरीचा पैसा बहुतेक वेळा बाजाराच्या दिवशी हातात येतो, तोही सगळा येत नाही. मधले सहा दिवस उधारीवर जातात. किराणा दुकानदार तेल, साखर, चहापत्ती, मीठ, बटाटे, कांदे वहीवर देतो. भाजीवाली बाई उधार देत नाही, देऊ शकत नाही, कारण तिचा माल संध्याकाळी सुकतो. मग आठवड्याची भाजी म्हणजे बाजाराच्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची. तिसऱ्या दिवसापासून बटाटा सुरू होतो.

दुसरी अडचण सरपणाची. तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो आणि गॅस महाग आहे. बाई सहा वाजता रानातून येते, सात वाजता लेकरे जेवायला मागतात. पोळी आणि बटाटा अर्ध्या तासात होतो. म्हणून मी बायांना 'डाळ खा' म्हणत नाही. 'सकाळी कामावर जाताना डाळ भिजत घालून जा,' असे म्हणते. भिजलेली डाळ लवकर शिजते आणि जळण वाचते. मूग, मसूर तर तुरीपेक्षाही लवकर होतात.

लहान मुलाच्या हातातल्या पाच रुपयांकडेही पाहा. पाच रुपयांत कुरकुरे मिळतात, बिस्किटांचा पुडा मिळतो. आई कामावर गेलेली असते, मूल रडते, आजी पाच रुपये देते. दोन पुड्यांच्या पैशात एक अंडे येते, किंवा मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे येतात. पण वस्तीतल्या टपरीवर पुडे टांगलेले असतात, उकडलेले अंडे टांगलेले नसते. आमच्याकडच्या एका टपरीवाल्या बाईला आम्ही सांगून पाहिले. ती आता संध्याकाळी फुटाण्याच्या पुड्याही ठेवते. खपतात.

शरीराला काय कमी पडते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत आणि ३६ टक्के वजनाने कमी आहेत. १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ६९ टक्के आहे. हे सगळ्या राज्याचे, श्रीमंत-गरीब मिळून काढलेले आकडे आहेत. भूमिहीन मजुरांच्या वस्तीत चित्र कसे असेल याचा अंदाज करायला नर्स असण्याची गरज नाही.

मूल उपाशी नसते, तरी खुरटते. याचे कारण असे की गहू-तांदळाने पोट भरते, ताकद येते, पण हाडामासाची वाढ नुसत्या त्यावर होत नाही. प्रौढ बाईला दिवसाला साधारण ४५ ते ५० ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम, गव्हात दहा-अकरा ग्रॅम असतात, पण ती अपुऱ्या प्रतीची. तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत बावीसच्या आसपास, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, एका अंड्यात सहा ग्रॅम. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात. म्हणून भाकर आणि वरण एकत्र खाल्ले की दोन्ही अंगी लागतात. आपल्या आज्यांना हे ग्रॅम माहीत नव्हते, पण ज्वारीच्या कण्या आणि डाळ त्या एकत्रच शिजवत.

राशन

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळण्याचा हक्क त्यात आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. दुकानदाराने पोत्याचे, हमालीचे म्हणून पैसे मागितले तर ते बेकायदा आहे. याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे आपल्या घरांत फार कमी जणींना माहीत असते. राशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचे नाव असते.

महाराष्ट्रात प्राधान्य कार्डासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० रुपये ही उत्पन्नाची मर्यादा कायदा लागू होताना ठरली. म्हणजे अख्ख्या घराचे दिवसाला साधारण १२० रुपये. नवराबायको दोघेही महिन्यातले बरेच दिवस मजुरीला गेले तर कागदावर ते घर 'गरीब' राहत नाही. आणि नवीन सुनेचे, लेकराचे नाव घालायला गेले की तहसीलच्या पुरवठा शाखेत उत्तर मिळते, 'इष्टांक शिल्लक नाही.' इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचे तो ठरवून दिलेला आकडा. तो २०११ च्या जनगणनेवरून ठरला. त्यानंतर जन्मलेली पोरे आता शाळेत जातात. आकडा तिथेच आहे. तरीही अर्ज द्यावा. कोणी मयत झाले, कोणी गाव सोडले की जागा मोकळी होते आणि ज्यांचा अर्ज आधी असतो त्यांचा विचार होतो.

आपला जिल्हा त्या १४ जिल्ह्यांपैकी आहे जिथे केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना आधी सवलतीत धान्य मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचे ठरले, पुढे ते १७० झाले. मला ही अदलाबदल पटलेली नाही. बाजारभाव वाढला तरी रक्कम तेवढीच राहते. पाच किलो धान्य मात्र पाच किलोच असते. शिवाय खात्यातला पैसा कोणाच्या हातात जातो हे आपल्याला माहीत आहे.

राशनच्या तांदळाबद्दल एक गैरसमज काढून टाका. त्यात काही दाणे वेगळे, जरा पिवळट दिसतात, धुताना वर तरंगतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बाया ते निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून बनवलेले ते दाणे आहेत, शंभर दाण्यांत एक. ते फेकू नका, तांदूळ फार चोळून धुऊ नका.

आता गव्हाचे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग तीन-चार दिवसांत टक्कल. अठरा गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. त्यात तरुण मुली बऱ्याच होत्या. कॉलेजला जाणे बंद झाले, ठरलेली लग्ने अडली. आधी पाण्यावर संशय घेतला गेला. आयसीएमआरची पथके आली, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने घेतले गेले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः गावांत फिरले. त्यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष मांडला की राशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य इथल्या गव्हाच्या कितीतरी पट होते, आणि बाधितांच्या रक्तात, लघवीत, केसांत ते फार वाढलेले होते. जस्त मात्र कमी होते. सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी कणभर. जास्त झाले की केस आणि नखे जातात. पंजाबात होशियारपूर, नवाशहर या भागांतल्या काही जमिनींत ते मुळातच जास्त आहे, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे.

या प्रकरणातून राशन घेऊ नका असा अर्थ काढू नका. राशन सोडले तर वस्तीत चूल पेटणार नाही. पण एक गोष्ट दिसते. ज्याच्या घरी ज्वारी, बाजरी, दोन प्रकारचा गहू, डाळ, भाजी असते त्याला एका पोत्यातला दोष तेवढा बाधत नाही. ज्याचे दोन्ही वेळचे जेवण एकाच पोत्यातून येते, त्याच्या अंगात त्या पोत्यातले सगळे उतरते. म्हणून धान्य पाच किलो मिळाले की नाही एवढेच बघून भागत नाही. ते कोणते आहे आणि कसे आहे हेही विचारायला हवे. कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे. सुरुवातीला त्याचा दर किलोला एक रुपया होता. ज्वारी मागणे ही मेहरबानी मागणे नाही.

गहू बुरसट, किडका, वास येणारा असेल तर घरी आणून मग कुरकुर करू नका. दुकानातच थांबा, मोबाइलवर फोटो काढा, मशीनची पावती मागा. पावतीवर किती किलो दिले ते छापलेले असते, ते आणि काट्यावरचे वजन जुळवून पाहा. म्हाताऱ्या माणसाचे बोट मशीनवर उमटत नसेल तर डोळ्याचा किंवा मोबाइलवर येणाऱ्या आकड्याचा पर्याय आहे. बोट उमटले नाही म्हणून धान्य नाही, असे चालत नाही. तक्रारीसाठी १९६७ हा फुकट नंबर आहे. गावपातळीवर दक्षता समिती असते. तिच्यात बाया आणि अनुसूचित जातीचे सदस्य असतात. आपल्या गावच्या समितीत आपली कोण आहे हे शोधा. कित्येकदा त्या बाईलाच माहीत नसते की ती सदस्य आहे.

अंगणवाडी आणि पोटुशीचा पैसा

अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतील एवढा आहार द्यायचा, असे २०१३ च्या कायद्याच्या मूळ परिशिष्टात लिहिले होते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने. तीन वर्षांखालच्या लेकरांना आणि बायांना घरी नेण्याची पाकिटे मिळतात. ही पाकिटे गाईम्हशीला घातलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. बायांवर रागावले, मग एक पाकीट घरी नेऊन खाऊन पाहिले. राग कमी झाला. चव नसेल तर तसे सगळ्या जणींनी मिळून अंगणवाडी पर्यवेक्षिकेला लिहून द्यावे. आणि तोवर त्याच पिठात थोडा गूळ आणि कुटलेले शेंगदाणे घालून लाडू किंवा शिरा करावा. पाकीट आईचे आणि लेकराचे आहे. घरभर वाटले की कोणाच्याच कामी येत नाही.

मुलाचा दंड मोजायची पट्टी अंगणवाडीत असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल अतितीव्र कुपोषित असते. त्याला 'बारीक चणीचे आहे' म्हणून घरी ठेवू नका, दवाखान्यात न्या. साडेअकरा ते साडेबारामध्ये असेल तर दर महिन्याला वजन बघा.

गरोदर बाईला किमान ६,००० रुपये द्यावेत असे अन्न सुरक्षा कायदा म्हणतो. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. बाळंतपणात बाईला विश्रांती आणि खाणे मिळावे, त्याचा भार सगळ्यांनी उचलावा, हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. हा पैसा खात्यात आला की मोबाइलच्या रिचार्जला आणि जुन्या उधारीला जातो. सासूबाईंना हात जोडून सांगते, त्यातले निदान अंड्यांचे आणि डाळीचे पैसे बाजूला काढा.

शाळेतले अंडे

शाळेत शिजवलेले जेवण मिळते ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशामुळे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ, शिवाय भाजी आणि तेल. आमटीत डाळ दिसत नसेल तर हे आकडे घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत बोला. पालकाला शाळेत जाऊन ते जेवण चाखता येते. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे, असेही त्याच न्यायालयाने २० एप्रिल २००४ ला सांगितले आहे. आपल्या बायांच्या हातचे शिजलेले खायला कोणी का-कू करत असेल तर हा आदेश लक्षात ठेवा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एकदा मुलांना अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. काही गटांनी अंड्याला विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि लोकवर्गणीतून द्यायचे तर द्या म्हटले. तामिळनाडूत शाळेच्या दर दिवशी अंडे मिळते. आमच्या मजुराच्या लेकराने आठवड्याला एक अंडे खायचे, त्यासाठी वर्गणी करायची! ज्या घरात आधीच दूध-तूप आहे त्या घराने दुसऱ्याच्या पोराच्या अंड्यावर आक्षेप घ्यावा, याला काय म्हणावे?

गरिबाने काय खावे हे ठरवण्याची खोड जुनी आहे. जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची हकीकत बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंहार' ग्रंथात सांगितली आहे. तिथल्या एका अस्पृश्य माणसाने तीर्थयात्रेहून आल्यावर आपल्या लोकांना जेवण दिले आणि तूप वाढले. लोक जेवायला बसलेले असताना गावातले सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले, माणसांना मारले. तूप पैशाने विकत घेतलेले होते. तरी ते त्यांच्या ताटात असणे गावाला सहन झाले नाही. आहार मिळत नाही याला दर वेळी पैसाच कारण नसतो, एवढे यातून कळते. शाळेच्या समितीत आपल्या पालकांची संख्या असते. अंड्याचा ठराव मांडा. मंजूर झाला नाही तरी इतिवृत्तात लिहिला जाईल.

शिवारातून काय गेले

माझी आई निंदणाला जायची तेव्हा ओटीत भाजी घेऊन यायची. तांदुळजा, घोळ, तरोटा, माठ, अंबाडी. यातल्या अंबाडीखेरीज बाकीचे कोणी पेरत नसे. सोयाबीन आणि कपाशीत तणनाशक मारायला लागल्यापासून निंदणाची मजुरी गेली आणि ओटीतली भाजीही गेली. ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने खाल्ले. राहिलेली ज्वारी रानडुकरे आणि पाखरे ठेवत नाहीत, म्हणून शेतकरी पेरत नाही. ज्वारी काढणीला मजुरीत धान्य मिळे. सोयाबीन कापणीला रोख मिळते, आणि ती रोख रक्कम वर सांगितल्याप्रमाणे जाते. सोयाबीन मिलला जाते, तेल पाकिटात परत येते.

बांधावरची भाजी आजही मिळते, पण फवारलेल्या शेतातली आणू नका. आणली तर शेत फवारलेले नाही याची खात्री करा आणि दोन-तीन पाण्याने धुवा. घराशेजारी दोन हात जागा असेल तर शेवगा आणि लिंबू लावा. भांडी धुतल्याच्या पाण्यावर दोन्ही जगतात. शेवग्याच्या शेंगा सगळे खातात, पाला फेकतात. पाल्यात लोह आणि कॅल्शियम भरपूर आहे. तो वरणात किंवा भाकरीच्या पिठात टाका. सोयाबीन घरात असेल तर नीट भाजून, नऊ किलो गव्हात एक किलो, असे दळून आणा. कच्चे दळू नका, ते पचत नाही.

डाळीसाठी आमच्या बचत गटाने एक केले. तूर नवी येते तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत, गटाच्या पैशातून पोते घेतले. घरी जात्यावर भरडून डाळ केली, ऊन दिले, कडुनिंबाचा पाला घालून डब्यांत भरली आणि वाटून घेतली. पैसे आठवड्याला थोडे थोडे फेडले. किलोमागे पैसे वाचले, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की मधल्या सहा दिवसांत घरात डाळ होती. पहिल्या वर्षी एका डब्याला कीड लागली, भांडण झाले, तेही सांगते. पुढच्या वर्षी डबे आधी वाळवले.

जमिनीचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन देण्याची तरतूद आहे. तिच्यावर पुढे सविस्तर लिहीन.

रक्त कमी, पण कशामुळे?

लाल गोळ्या चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नका. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही, निदान तासभर थांबा. पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळा. गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरू नका. मळमळले तर रात्री झोपताना घ्या. गरोदर बाईने १८० दिवस गोळी घ्यायची आहे.

आपल्या समाजाने एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. विदर्भात आदिवासींइतकाच सिकलसेल हा आजार आपल्याही घरांत सापडतो. त्यातही रक्त कमी होते, पण लोहाच्या कमतरतेमुळे नाही, तर रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन लवकर तुटतात म्हणून. अशा माणसाला तपासणी न करता महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देणे बरोबर नाही. मुलाचे हातपाय वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, सारखा ताप येत असेल तर सिकलसेलची चाचणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. लग्न ठरवताना पत्रिका आपण पाहत नाही, हे चांगलेच आहे. रक्ताची ही चाचणी मात्र दोन्हीकडची पाहावी. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण घरात असेल तर लोहाच्या गोळ्यांबद्दल आणि राशनच्या त्या खास दाण्यांच्या तांदळाबद्दल डॉक्टरांना विचारा.

पुढच्या वजनाच्या दिवशी विहारात येताना राशनकार्ड, त्याची झेरॉक्स, सगळ्यांची आधारकार्डे आणि लेकरांचे जन्मदाखले घेऊन या. ज्या सुनांची आणि मुलांची नावे कार्डावर नाहीत त्यांचे अर्ज तिथेच भरू. अर्ज दोन प्रतींत करायचा. एक पुरवठा शाखेत द्यायची, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि सही घ्यायची, आणि ती प्रत घरात जपून ठेवायची. नुसते तोंडाने सांगून परत आलात तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता, असे धरले जाते.